पाळीव सापाच्या पेटीला सुरक्षित ऊब : अल्फारेटातील घरांच्या संदर्भात

साप हा अनियततापी प्राणी आहे. खाल्लेल्या अन्नातून आपले शरीर सतत उबदार ठेवण्याची सोय निसर्गाने त्याला दिलेली नाही. ऊब हवी असेल तेव्हा तो उन्हात येतो, नको असेल तेव्हा सावलीत किंवा बिळात शिरतो. त्याचे पचन, हालचाल, रोगप्रतिकार आणि प्रजनन या येरझारांवरच अवलंबून असते. हिवाळ्याच्या सकाळी बांधावर पसरलेली धामण महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या पाहण्यातली असते. ती आळसावलेली नसून दिवसभराच्या हालचालीसाठी शरीर तापवीत असते. अमेरिकी संशोधक रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट यांनी वाळवंटी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या तापमानाचा अभ्यास १९४४ साली प्रसिद्ध केला. केवळ जागा बदलून हे प्राणी आपल्या शरीराचे तापमान किती नेमके राखतात, हे त्या अभ्यासाने अभ्यासकांपुढे ठळकपणे मांडले. याला लक्षवेधी अपवाद अजगराच्या मादीचा. अंड्यांभोवती वेटोळे घालून बसलेली काही जातींची मादी स्नायूंच्या थरथरीतून उष्णता निर्माण करते. पॅरिसमध्ये व्हॅलेन्सिएन यांनी १८४१ साली अशा मादीचे तापमान मोजून ठेवले आहे. परंतु हा मातृत्वकाळापुरता अपवाद होय.

पेटीत ठेवलेल्या सापाकडून ही येरझार माणूस काढून घेतो. म्हणून पेटीतच त्याला एका टोकाला ऊब आणि दुसऱ्या टोकाला गारवा मिळाला पाहिजे, आणि त्यांतील निवड त्याची त्यालाच करता आली पाहिजे. सापाच्या पेटीतील उष्णतेचा सारा विचार या एका गरजेतून निघतो. कोणता दिवा घ्यावा हा प्रश्न त्यानंतरचा आहे, आणि तो दिवा कशाच्या ताब्यात राहील हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा.

अल्फारेटातील घर आणि सापाची गरज

फुल्टन काउंटीच्या उत्तर भागातील अल्फारेटा आणि शेजारच्या जॉन्स क्रीक, कमिंग या परिसरात मराठी कुटुंबांची वस्ती मोठी आहे. येथे वाढणारी मुले कुत्र्या-मांजराबरोबर कधी सापाचाही हट्ट धरतात, आणि भारतातून आलेल्या आजी-आजोबांना तो ऐकून घाम फुटतो. हट्ट पुरवायचाच ठरला तर पहिली अडचण कायद्याची येते. जॉर्जिया राज्यात नैसर्गिकरीत्या आढळणारे बिनविषारी साप परवान्याविना पाळणे बेकायदा आहे. इतर अनेक राज्यांत नवशिक्यांचा साप म्हणून सर्रास विकला जाणारा कॉर्न स्नेक हा मूळचा जॉर्जियाचाच असल्यामुळे येथे तो या बंदीत येतो. किंगस्नेकच्या स्थानिक जातींचेही तेच. दुसऱ्या राज्यातून येथे राहायला येणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. त्यामुळे अल्फारेटातील घरात कायदेशीरपणे दिसणारा साप बहुधा पश्चिम व मध्य आफ्रिकेतला बॉल पायथन असतो. पुढील विवेचनात तोच नमुना म्हणून घेतला आहे. (भारतात परतताना तो सोबत नेण्याचा विचार असेल तर ते प्रकरण निराळे आणि कटकटीचे आहे. तेथील देशी साप १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित असल्याने घरात ठेवताच येत नाहीत, आणि विदेशी प्राण्यांवरही आता नोंदणीचे बंधन आहे.)

बॉल पायथनला पेटीच्या उबदार टोकाला सुमारे ३१ ते ३२ अंश सेल्सिअस लागते; येथील तापमापकांवर ते ८८ ते ९० अंश फॅरनहाइट दिसेल. थंड टोकाला २५ ते २६ अंश, म्हणजे ७७ ते ७९ फॅरनहाइट पुरते. रात्री कोणत्याही टोकाचे तापमान २४ अंशांखाली जाऊ नये. दिव्याखालचा ज्या दगडावर वा फांदीवर साप पहुडतो तिचा पृष्ठभाग ३५ अंशांच्या, म्हणजे ९५ फॅरनहाइटच्या वर नसावा. अल्फारेटातील बहुतेक घरे मात्र हिवाळ्यात २० ते २२ अंशांवर ठेवलेली असतात, आणि जानेवारीच्या रात्री बाहेरचे तापमान गोठणबिंदूच्या आसपास असते. माणसाला स्वेटरविना बरे वाटणाऱ्या त्या खोलीत हा साप हळूहळू आजारी पडतो. गिळलेला उंदीर पचण्याऐवजी पोटात कुजू लागतो आणि तो उलटून टाकला जातो. श्वसनमार्गाचा संसर्ग होतो, तोंड उघडे ठेवून शीळ घातल्यासारखा श्वास चालू होतो. उन्हाळ्यातही निर्धास्त राहता येत नाही, कारण बाहेर ३३ अंश असताना आत वातानुकूलन यंत्र खोली २२ अंशांवर आणून ठेवते.

उष्णतेची साधने

बाजारात मिळणाऱ्या साधनांपैकी एकाला सरळ बाजूला सारणे योग्य. आत वीजतार घातलेला कृत्रिम दगड, ज्याला हॉट रॉक म्हणतात, तो सापाच्या पोटाशी थेट भिडतो, असमान तापतो आणि कित्येकदा त्याला नियंत्रणच नसते. भाजलेल्या सापांच्या संदर्भात पशुवैद्यकांच्या लिखाणात हे साधन वारंवार येते. साप चटका बसताच दूर का होत नाही, असा प्रश्न साहजिकच पडतो. बॉल पायथनच्या ओठांवर तर उष्णतेचे अवरक्त किरण टिपणाऱ्या खाचा असतात. पण त्या समोरचे उबदार भक्ष्य हेरण्यासाठी आहेत, पोटाखालचा दगड मोजण्यासाठी नव्हेत. पेटीतली हवा थंड असली की सापाचे उरलेले शरीर गारच राहते, म्हणून तो मिळेल त्या उबेला अधिकच बिलगतो, आणि बिलगलेला भाग भाजून निघतो.

काचेच्या टाकीखाली चिकटवायची हीट मॅट स्वस्त आणि लोकप्रिय आहे. तिचा उपयोग मर्यादित आहे हे मान्य करून ती वापरावी. ती तळ तापवते, हवा जवळजवळ तापवत नाही. २० अंशांच्या खोलीत केवळ तिच्यावर भिस्त ठेवली तर साप पोटाने गरम आणि पाठीने थंड राहील. तिच्यावर भुश्याचा वा नारळाच्या काथ्याचा जाड थर असेल तर उष्णता थराखाली कोंडते आणि काचेजवळचे तापमान धोकादायक होते. साप थर उकरून नेमका तेथेच जाऊन बसतो. मॅट तळाच्या एकतृतीयांशाहून अधिक भागावर पसरू नये, म्हणजे थंड टोक शिल्लक राहील.

निसर्गात ऊब वरून येते, आणि म्हणून वरून उष्णता देणारी साधने सापाच्या सवयींशी जुळतात. हॅलोजन दिव्याच्या उष्णतेत आखूड लहरींचे अवरक्त किरण अधिक असतात. ते त्वचेच्या वरच्या थरापाशी न थांबता काहीसे आत पोचतात, सूर्याच्या उबेसारखे. दिवसा हा उत्तम पर्याय ठरतो. रात्री मात्र सापाला अंधार हवा. लाल किंवा निळा बल्ब सापाला दिसत नाही या समजुतीवर असे बल्ब वर्षानुवर्षे विकले गेले आहेत. साप तो उजेड पाहू शकतो, आणि त्याची रात्र त्याने बिघडते. रात्रीसाठी उजेड न देणारा सिरॅमिक हीट एमिटर किंवा डीप हीट प्रोजेक्टर घ्यावा. सिरॅमिक एमिटरचा पृष्ठभाग शेकडो अंश फॅरनहाइट तापतो. तो चिनी मातीच्या होल्डरमध्येच बसवावा, कारण साधा प्लॅस्टिकचा होल्डर त्या उष्णतेने वितळतो. लाकडी वा पीव्हीसी पेटीच्या छताला आतून बसवायचे रेडियंट हीट पॅनेल महाग असते, परंतु त्याचा पृष्ठभाग एमिटरच्या मानाने बराच कमी तापतो. मोठ्या पेटीसाठी तो खर्च सार्थकी लागतो.

दिवा पेटीच्या आत असेल तर त्याभोवती धातूच्या जाळीचा पिंजरा हवाच. बॉल पायथन चढत नाही असे म्हणतात. तो चढतो, आणि उबदार गोळा सापडला की त्याला वेटोळे घालतो. दिवा वरच्या जाळीच्या झाकणावर असेल तर सापाच्या बसण्याच्या जागेपासून तो किमान फूटभर दूर राहील असे पाहावे.

महाराष्ट्रात कोंबडीच्या पिलांना ऊब देण्यासाठी खुराड्यात साधा बल्ब लोंबकळत ठेवण्याची पद्धत जुनी आहे, आणि तीच युक्ती येथे करून पाहण्याचा मोह होतो. मात्र जुने तारेचे घरगुती बल्ब अमेरिकेच्या ऊर्जाविषयक नियमांमुळे १ ऑगस्ट २०२३ पासून दुकानांतून जवळजवळ हद्दपार झाले आहेत, आणि त्यांच्या जागी आलेला एलईडी दिवा उजेड भरपूर देतो, ऊब नाममात्र. भारतातून आणलेले २३० व्होल्टचे साधन येथील १२० व्होल्टवर पुरेसे तापत नाही. ते परिवर्तक लावून चालवण्याची काटकसर या बाबतीत करू नये.

खरे संरक्षण : थर्मोस्टॅट आणि त्याचा संवेदक

वरीलपैकी कोणतेही साधन थर्मोस्टॅटविना लावणे म्हणजे आच कमी न करता भांडे चुलीवर ठेवून बाहेर जाणे. दुकानदार दिवा विकताना वॉट सांगतो. ते वॉट थंडीच्या रात्री अपुरे आणि एप्रिलच्या दुपारी घातक ठरू शकतात, कारण खोलीचे तापमान बदलत राहते. तो फरक भरून काढणारे उपकरण म्हणजे थर्मोस्टॅट. ज्याच्याकडे एकाच चांगल्या वस्तूपुरते पैसे आहेत त्याने ते दिव्यावर नव्हे, थर्मोस्टॅटवर खर्च करावेत.

थर्मोस्टॅट तीन प्रकारचे असतात. चालू-बंद करणारा साधा प्रकार मॅटला चालतो. हॅलोजनला तो लावला तर दिवा दिवसभर लुकलुकतो, साप बिथरतो आणि दिवाही लवकर जातो. त्यासाठी प्रकाश कमी-अधिक करणारा डिमिंग प्रकार हवा. डीप हीट प्रोजेक्टरलाही डिमिंगच योग्य. सिरॅमिक एमिटर आणि मॅट यांना थोड्या थोड्या वेळाने विजेचे ठोके देणारा पल्स प्रकार मानवतो.

थर्मोस्टॅट हुशार नसतो. त्याच्या तारेच्या टोकाला असलेला संवेदक जेथे असेल तेथलेच तापमान त्याला कळते. येथेच बहुतेक अपघात घडतात. पेटीत मोकळा सोडलेला संवेदक साप सरपटताना थंड कोपऱ्यात ढकलतो, किंवा त्यावर पाण्याचे भांडे सांडते. थर्मोस्टॅटला वाटते पेटी गार आहे, आणि तो दिवा पूर्ण शक्तीने पेटवत राहतो. म्हणून मॅटसाठी संवेदक काचेच्या बाहेरून, मॅट आणि काच यांच्यामध्ये पक्का बसवावा, आणि आतल्या तळाचे तापमान वेगळ्या तापमापकाने ताडून पाहून आकडा ठरवावा. वरच्या दिव्यासाठी तो साप जेथे पहुडतो त्याच उंचीवर, स्क्रू किंवा क्लिपने आवळून लावावा. चिकटपट्टी वापरू नये. उबेने ती सुटते, सापाच्या अंगाला चिकटते आणि सोडवताना खवले उपटले जातात.

थर्मोस्टॅट स्वतःही बिघडतो, आणि त्याचा आतला स्विच चालू स्थितीतच अडकणे हा त्याचा सर्वांत वाईट बिघाड होय. त्यासाठी दोन खबरदाऱ्या आहेत. पहिली फुकटची आहे. सापाविना पेटी तयार करून दिवा थर्मोस्टॅटविना काही तास पूर्ण चालवून पाहावा. तापमान ४० अंशांच्या पुढे धावत असेल तर कमी वॉटचा दिवा घ्यावा. नियंत्रण सुटले तरी पेटीची भट्टी होणार नाही इतकीच शक्ती दिव्यात असावी. दुसरी खबरदारी म्हणजे मुख्य थर्मोस्टॅटच्या मागे दुसरा, दोन-तीन अंश वर लावलेला, केवळ वीज तोडण्याचे काम करणारा.

मोजमापासाठी दोन डिजिटल तापमापक पेटीच्या दोन टोकांना असावेत. काचेला चिकटवायच्या रंगीत पट्ट्या आणि काट्यांच्या तबकड्या शोभेच्या आहेत. अवरक्त किरणांची हातातली तापमापक बंदूक दगडाचा किंवा फांदीचा पृष्ठभाग चटकन मोजते. मात्र ती काचेतून रोखली तर काचेचेच तापमान सांगते, म्हणून झाकण उघडून मोजावे.

आगीचा धोका आणि घरातील वीज

सापाइतकाच धोका घरालाही असतो. चिमट्याने टाकीच्या कडेला अडकवलेला हॅलोजन दिवा मांजराच्या उडीने किंवा मुलाच्या धक्क्याने गालिच्यावर वा कोरड्या भुश्यावर पडतो, आणि बाकीचे सांगावे लागत नाही. दिवा चिमट्याच्या भरवशावर न सोडता साखळीने किंवा स्टँडने टांगावा. तो पडदे, कागद आणि कपाटाच्या लाकडापासून दूर असावा. खोलीत धुराचा इशारा देणारे यंत्र असावे आणि त्याची बॅटरी चालू असल्याची खात्री करावी. साधनांवर यूएल किंवा ईटीएल यांची सुरक्षाचिन्हे पाहून घ्यावीत. दिवा थेट भिंतीतल्या प्लगला लावणे उत्तम. पातळ एक्स्टेन्शन वायर कायमस्वरूपी वापरू नये. पेटीतले पाणी तारेवरून प्लगमध्ये उतरू नये म्हणून तारेला प्लगच्या खाली एक झोळ सोडावा.

येथील घरांतील बहुतेक खोल्यांचे सर्किट १५ अँपिअरचे, म्हणजे १२० व्होल्टवर १८०० वॉटचे असते, आणि सतत चालणारा भार त्याच्या ऐंशी टक्क्यांत, १४४० वॉटमध्ये ठेवणे सुरक्षित मानतात. सापाचा ८० वॉटचा दिवा या हिशेबात नगण्य आहे. बारा तासांत तो जेमतेम एक युनिट वीज खातो. अडचण येते ती त्याच सर्किटवर आजी-आजोबांच्या खोलीतला १५०० वॉटचा हीटर लावल्यावर. ब्रेकर पडतो, हीटर बंद झालेला सर्वांना कळतो, सापाची ऊब गेलेली सकाळपर्यंत कोणाला कळत नाही.

जाळीच्या झाकणातून उष्णता आणि ओलावा दोन्ही निसटतात, आणि हिवाळ्यात घराची भट्टी हवा आधीच कोरडी करते. बॉल पायथनला साठ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता हवी असते. झाकणाचा काही भाग ॲल्युमिनियमच्या पत्र्याने झाकला तर दोन्ही साधते, फक्त दिव्याभोवतीचा भाग मोकळा सोडावा.

वीज गेली तर, आणि भारतात गेल्यावर

उत्तर जॉर्जियात बर्फापेक्षा तारा आणि फांद्यांवर गोठणारा पाऊस अधिक छळतो. फेब्रुवारी २०१४ च्या अशाच वादळात राज्यातील लाखो ग्राहकांची वीज गेली होती. बॉल पायथन एखादा दिवस वीस अंशांच्या गारव्यात तग धरू शकतो, पण पोटात भक्ष्य असेल तर तो गारवा त्याला सोसत नाही. वादळाचा इशारा असताना त्याला खाऊ घालू नये. वीज गेल्यावर साप उशीच्या अभ्र्यात ठेवून, अभ्रा बांधून थर्मोकोलच्या डब्यात ठेवावा. डब्यात हवेसाठी छिद्रे असावीत, आणि शेजारी टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी. पाणी हाताला कोमट वाटेल इतकेच असावे. उकळते पाणी, किंवा हातमोज्यांत घालायच्या रासायनिक उष्णता-पुड्या अंगाला लागल्या तर भाजण्याचा धोका पुन्हा तोच. शेगडी, कोळसा किंवा जनित्र घरात पेटवू नये, कारण कार्बन मोनॉक्साइड साप आणि माणूस असा भेद करीत नाही. वीज परतल्यावर थर्मोस्टॅटवरचा आकडा कायम आहे का ते पाहावे. काही स्वस्त यंत्रे तो विसरतात.

मराठी घरांत यापेक्षा नेहमीचा प्रसंग डिसेंबरातल्या भारतयात्रेचा. घर तीन-चार आठवडे बंद राहणार म्हणून जाताना घराची भट्टी १३ ते १५ अंशांवर आणली जाते, आणि सापाची साधने मात्र २१ अंशांच्या खोलीच्या हिशेबाने निवडलेली असतात. इतक्या गारव्यात दिवा अहोरात्र पूर्ण शक्तीने चालूनही पेटी तापत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये, ऐन नाताळच्या तोंडावर, अटलांटा परिसरातील तापमान उणे दहा अंशांच्याही खाली गेले होते. त्या आठवड्यात घरे रिकामी असणाऱ्यांची संख्या थोडी नसते. प्रौढ बॉल पायथन अन्नाविना कित्येक आठवडे काढू शकतो, पण ऊब आणि पाणी यांच्याविना नाही. म्हणून घर २० अंशांवरच ठेवावे, फोनवर तापमान दाखवणारा वायफाय तापमापक पेटीत ठेवावा, आणि किल्ली अशा शेजाऱ्याकडे द्यावी ज्याला सापाचे वावडे नाही. फोनवर पुण्यात धोक्याचा इशारा वाजला तर प्लग काढायला अल्फारेटात कोणीतरी हवे.

भाजल्याची खूण प्रथम पोटावर दिसते. खवले गुलाबी, तपकिरी किंवा कागदासारखे कोरडे होतात, आणि नंतर फोड येतात. साप पाण्याच्या भांड्यात तासन्‌तास पडून राहू लागला तरी पेटी फार तापल्याची शंका घ्यावी. भाजलेल्या जागी हळद, तूप, टूथपेस्ट यांतील काहीही लावू नये. उष्णतेचे साधन बंद करून पेटी खोलीच्या साधनांनी उबदार ठेवावी, सापाला स्वच्छ कागदी टॉवेलावर ठेवावे आणि सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यकाकडे न्यावे. कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक दवाखान्यात हे उपचार होत नाहीत, त्यामुळे असा पशुवैद्यक साप घरी आणण्यापूर्वीच शोधून ठेवलेला बरा. अथेन्स येथील जॉर्जिया विद्यापीठाच्या पशुवैद्यकीय रुग्णालयात अशा प्राण्यांसाठी स्वतंत्र विभाग आहे, आणि सरपटणाऱ्या व उभयचर प्राण्यांच्या पशुवैद्यकांची संघटना आपल्या सदस्यांची राज्यवार सूची उपलब्ध करून देते. खवल्यांवरचे भाजणे बरे व्हायला कित्येक महिने लागू शकतात. नवी त्वचा कातीगणिक थोडी थोडी येते.